नारायणगावच्या उसात दिवा कोण लावणार?

वाकडेवाडीच्या स्थानकावरून नाशिककडे जाणारी एस. टी. पकडली, की राजगुरुनगर, मंचर, कळंब अशी गावे मागे टाकीत आपण मीना नदीच्या काठी नारायणगावला उतरतो. पुण्यापासून अंतर सुमारे ७५ किलोमीटर. या गावाची ओळख महाराष्ट्राला नव्याने करून द्यायला नको. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रेवाले सुपारी द्यायला येतात. इथला टोमॅटोचा बाजार मोठा. जवळच खोडदला आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. एकूण ३० तबकड्यांपैकी १४ खोडदच्या परिसरातच उभ्या आहेत, आणि एकेकीचा व्यास ४५ मीटर! आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला त्या बघायच्या होत्या, म्हणून आम्ही बापलेक दोन-तीन दिवसांसाठी माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो. दिवस थंडीचे होते. ऊसतोड जोरात चालू होती.

ताईचे घर नारायणगावपासून थोडे आत, एका खेड्याच्या कडेला आहे. वाचकहो, आपल्या वस्त्या गावाच्या कडेला का असतात हे मी सांगायला नको. पूर्वी वस्तीच्या मागे माळ होता. आता घराच्या मागच्या भिंतीपासून पंधरा पावलांवर ऊस सुरू होतो. त्यामुळे उसातून बिबट्या बाहेर पडला, की त्याला पहिले घर लागते ते आपल्या माणसाचे.

सहा वाजले तशी ताई अंगणातून ओरडली, "पोरीला आत घे आधी! पुण्यातल्यासारखं इथं बाहेर बसायचं नाही." शेळ्या गोठ्यात गेल्या. गोठा चारही बाजूंनी आणि वरूनसुद्धा जाळीने बंद केलेला. दाराबाहेरचा दिवा लागला. दाजी रात्री पाणी धरायला निघाले, कारण मोटारीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात घुंगरू बांधलेली काठी, खिशात मोबाईलवर मोठ्याने लावलेली गाणी. मी म्हणालो, "दाजी, भीती नाही वाटत?" ते हसून म्हणाले, "पाव्हणं, वाघाला माझी भीती वाटावी म्हणून तर ही गाणी. आपण वाकून बारं देतो ना, तवा लई जपावं लागतं. वाकल्यालं माणूस त्याला जनावरावाणी दिसतं."

इकडे बिबट्याला वाघच म्हणतात. त्या रात्री मुलीने आपल्या आतेभावाला शंभर प्रश्न विचारले. माझा हा भाचा वनविभागाला मदत करणाऱ्या तरुणांच्या पथकात आहे. कुठे पिंजरा लावायचा असो, कुठे विहिरीत बिबट्या पडलेला असो, की कुठे जमलेली गर्दी हटवायची असो, याला फोन येतो. त्याने सांगितले ते मी थोडक्यात मांडतो, कारण शहरात बसून आपण या प्रश्नाबद्दल फार चुकीचे ऐकतो.

बिबट्या इथल्या उसात कसा आला? कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली. कोरडवाहू माळावर पाणी आले, पाण्यामागून ऊस आला. उंच, दाट, वर्षभर उभा असलेला ऊस आणि बाजूला पाण्याचे पाट! बिबट्याच्या मादीला पिले घालायला याहून चांगली जागा कोणती? खायला भटकी कुत्री, शेळ्या, डुकरे. आज उसात जन्मलेल्या बिबट्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. त्यांना डोंगरातले जंगल माहीतच नाही. "मामा, ते जंगलातून आलेले नाहीत. ते इथलेच आहेत," भाचा म्हणाला.

मग पकडून लांब का सोडत नाहीत? हाच प्रश्न मुलीने विचारला. त्याचे उत्तर जुन्नरने फार महाग किंमत देऊन मिळवले आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. २००१ ते २००३ या तीन वर्षांत इथे शंभरावर बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. हेतू चांगला होता. पण झाले उलटेच. आधी या विभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतराच्या घरात गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हे सगळे आकडे अभ्यासून मांडले. बिबट्याची हद्द ठरलेली असते. एक उचलला की मोकळ्या जागेत दुसरा येतो. आणि जो उचलला तो अनोळखी मुलखात बिथरतो, परत घराकडे निघतो. २००९ साली पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेल्या एका म्हाताऱ्या बिबट्याला गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडले, तर तो सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या वेशीवर वसईजवळच्या जंगलात पोहोचला! त्याचे नाव ठेवले होते 'आजोबा'. २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खोडदला निघणार, तोच भाच्याचा फोन वाजला. जवळच्या फडात ऊस तोडताना दोन बछडे सापडले होते. मुलीने हट्ट धरला. "लांब थांबायचं, आवाज करायचा नाही," या अटीवर भाच्याने आम्हाला नेले.

टोळी बीडकडची होती. दहा-बारा कोयते असतील. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळ्या तशाच पडलेल्या, टायरगाडी अर्धी भरलेली. पाचटात मांजराएवढी दोन पिले एकमेकांना चिकटून बसली होती. ज्या बाईच्या कोयत्यापुढे ती निघाली, तिने हात वर करून सगळी तोड थांबवली होती. मुकादम मात्र घाईला आला होता. त्याचेही खोटे नव्हते. मजुरी टनावर. गाडी भरली नाही तर त्या दिवशीची कमाई बुडाली, आणि डोक्यावर उचल घेतलेलीच. शेतमालकालाही ऊस लवकर कारखान्याला घालायचा होता. पण ती बाई हटली नाही. म्हणाली, "आई हितंच कुठंतरी बघत आसंल. पिल्लं हलवली तर ती रातच्याला कोप्यांवर यील. तिचं तिला द्या आन् मग तोडा."

वाचकहो, पिले आईला परत मिळवून देण्याचे शास्त्र आहे आणि वनविभाग व प्राण्यांचे डॉक्टर गेली कितीतरी वर्षे इथे ते वापरीत आहेत. पण त्या बाईने ते कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. अनुभवाने तिला ठाऊक होते. वनविभागाची माणसे आली, डॉक्टर आले, पिले तपासली. एक नर, एक मादी. दोन्ही धडधाकट होती. संध्याकाळी त्याच जागी ठेवायचे ठरले. फडाचा तेवढा तुकडा सोडून टोळी दुसऱ्या कडेला गेली. निम्मा दिवस मोडला तो मोडलाच. त्या निम्म्या दिवसाची मजुरी कोणत्या हिशेबात धरायची, याचे उत्तर तिथे कोणाजवळही नव्हते.

संध्याकाळपर्यंत वेळ होता. मुलीला घेऊन मी जुन्नरला गेलो. गावाच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर आहे. त्यात आपल्या पूर्वजांच्या दानातून कोरलेली लेणी आहेत. चढताना गप्पा कमी ठेवाव्यात. कड्याला आग्यामोहोळे असतात आणि धूर, अत्तर, आरडाओरडा त्यांना खपत नाही. लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेख राजांचेच आहेत असे नाही. वेळूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी, म्हणजे आजच्या भाषेत कारागिरांचे संघ, या जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत आहेत. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की एका शक उपासकाने करंजाची झाडे लावण्यासाठी एका गावात २० निवर्तने आणि वडाची झाडे लावण्यासाठी दुसऱ्या गावात ९ निवर्तने जमीन दिल्याचे तिथे कोरलेले आहे. निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप. झाडासाठी जमीन देणे हे दगडावर कोरून ठेवण्याजोगे पुण्यकर्म मानणारी माणसे याच खोऱ्यात होऊन गेली! "आपण बघायला आलेल्यांनी मात्र आपली नावं कोरलीत," मुलगी भिंतीकडे बघून म्हणाली. मला मान खाली घालावी लागली.

परतताना भाच्याने माणिकडोहकडचा रस्ता दाखवला. तिथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. पकडलेले, जखमी, म्हातारे, अपंग बिबटे तिथे ठेवतात. २००७ पासून एक स्वयंसेवी संस्था वनविभागाबरोबर तिथे काम करते. एकदा पिंजऱ्यात राहून माणसाच्या हातचे खायची सवय लागली, की अशा बिबट्याला पुन्हा मोकळे सोडणे अवघड. म्हणून पिलू आईपासून तुटू न देणे महत्त्वाचे. नाहीतर एक जन्म पिंजऱ्यातच जातो.

दिवस मावळायच्या आत पिलांना टोमॅटोचा असतो तसल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून सकाळच्याच जागेवर ठेवले. समोर खुंटाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. भाच्याने आणि त्याच्या साथीदारांनी बघ्यांची गर्दी हटवली. हे काम पिले ठेवण्याहून अवघड! आम्ही टोळीच्या कोप्यांजवळ थांबलो. उसाच्या पाचटाच्या त्या कोप्या, दाराच्या जागी गोणपाट, आत चूल, आणि चिमण्या घेऊन बसलेली पोरेबाळे. उसाची कड शंभर पावलांवर. सकाळची ती बाई भाकरी थापत होती. तिचे दोन-अडीच वर्षांचे पोर तिच्या पाठीशी झोपले होते. मी म्हणालो, "बाई, आज तुम्ही मोठं काम केलंत." तिने वर न बघताच विचारले, "तिची लेकरं तिला मिळत्याल. माझ्या लेकराला दिवा कधी मिळायचा?"

या प्रश्नापुढे माझी बोलती बंद झाली.

पहाटे क्रेट रिकामा होता. कॅमेऱ्यात आई दिसली. रात्री साडेआठला तिने एक पिलू उचलले, पाऊण तासाने येऊन दुसरे नेले. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मलाही आनंद झाला, पण त्या बाईचा प्रश्न सुटला नव्हता.

हा प्रश्न किती खरा आहे हे २०२५ सालाने दाखवले. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यात दोन लहान मुले होती. संतापलेल्या लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. शेवटी वनविभागाच्या नेमबाजांनी एका बिबट्याला ठार केले. त्या दिवसांत तिकडच्या बायामाणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात काम केले. ज्या आईचे मूल गेले तिला 'निसर्गाचा समतोल' समजावून सांगायला जाणारा माणूस निर्दयच म्हटला पाहिजे. मृताच्या वारसांना शासनाकडून २५ लाख रुपयांची मदत मिळते. पण पैशाने मूल परत येत नाही.

म्हणून शहरातून दोन टोकांच्या आरोळ्या ऐकू येतात तेव्हा मला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणतो, सगळे बिबटे मारा. दुसरा म्हणतो, बिबट्याला हात लावू नका. दोघांच्याही घरामागे ऊस नसतो. इथली माणसे मात्र तिसरेच काही मागत आहेत. शेतीच्या मोटारींना वीज दिवसा द्या, म्हणजे रात्री पाणी धरायला जावे लागणार नाही. वस्तीच्या आणि कोप्यांच्या बाजूला दिवे द्या. घरात संडास आणि गोठ्याला बंद जाळी द्या. गावाबाहेर कोंबड्यांची घाण, उकिरडे साठू देऊ नका, कारण उकिरड्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबट्या. हल्लेखोर ठरलेला बिबट्या लगेच धरा, पण दिसला की उचल असे करू नका. यात बिबट्याचेही भले आहे आणि माणसाचेही. हे शहाणपण गावातून आले आहे, आणि ग्रामसभेत उभे राहून ते मांडणाऱ्यांत माझी चौथी शिकलेली ताईसुद्धा आहे.

अशा मागण्यांनी काही होते का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्हाला परतीच्या वाटेवर मिळाले. भाचा म्हणाला, "मामा, मंचरला उतरून घोडेगावमार्गे डिंभ्याला जाऊन या." आम्ही गेलो. घोड नदीवरचे हे धरण. पाणी निळेशार, भोवती सह्याद्रीचे डोंगर. याच पाण्याखाली महादेव कोळी आदिवासींची गावे आणि भातशेती गेली. पाणी खाली गेले, आमच्या नारायणगावच्या बाजूला ऊस झाला, आणि ज्यांची जमीन बुडाली ते काठावर कोरडे राहिले. पण ते गप्प बसले नाहीत. मंचरच्या 'शाश्वत' संस्थेच्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या साथीने त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. धरणातल्या मासेमारीचा हक्क आदिवासींच्या सहकारी संस्थेने मिळवला. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन कसायला मागितली. डोंगरउतारावर दगडी बांध घालून भातखाचरे काढण्याची 'पडकई' ही त्यांची जुनी रीत. दहा घरांनी मिळून आज याच्या, उद्या त्याच्या शेतावर राबायचे. ही रीत त्यांनी पुन्हा उभी केली, आणि शासनानेही तिला आपल्या योजनांत जागा दिली. २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर' पारितोषिक 'शाश्वत'ला मिळाले.

डिंभ्याच्या वरच्या अंगाला भीमाशंकरचे अभयारण्य आहे. १९८५ साली ते घोषित झाले, क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू तिथे राहतो. झाडाच्या शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारणारी ही मोठी, तांबूस खार जमिनीवर फारशी उतरत नाही. फांद्यांना फांद्या लागलेले सलग जंगल असेल तरच ती जगते. अशा सलग राया इथे टिकल्या, कारण गावोगावच्या लोकांनी कुऱ्हाड न लावण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला. हिरडा गोळा करायचा, पण झाड तोडायचे नाही. अभयारण्य झाल्यावर मात्र याच लोकांना जंगलात परके ठरवले जाण्याची वेळ आली. २००६ साली वनहक्क कायदा झाला, तेव्हा भीमाशंकर परिसरातील गावांनी सामूहिक हक्काचे दावे केले. त्यांचे म्हणणे साधे आहे. जंगल आम्ही राखले, तर ते कसे राखायचे हे ठरवतानाही आम्हाला बसवा.

धरणाच्या भिंतीवर उभे राहून मी हाच विचार करीत होतो. पाणी, डोंगर, गायरान, वन ही कोणा एकाच्या बापाची मालमत्ता नाही. ती सर्वांची आहे. भूमिहीन माणसाला तर सर्वांची म्हणून जी आहे तेवढीच जमीन. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले, तो याच पडीक व सरकारी जमिनींसाठी. तेव्हा जनावर आणि जंगल राखणे हे सुखवस्तू माणसांचे छंद आहेत असे आपण समजू नये. त्याचा भार आपल्यासारखीच माणसे वाहतात. मग त्यातला शब्दही आपला असला पाहिजे.

घरी आल्यावर मुलीने वस्तीतल्या महिला मंडळात सगळी हकिकत सांगितली. बायकांनी तिथल्या तिथे ठरवले, दहा सौरदिवे पाठवायचे. आठवड्यात पैसे जमले. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, त्या फडातली तोड संपली. टोळी पुढं गेली. दिवे पाठवा, मी मुकादमाचा पत्ता काढतो."

दिवे पाठवले आहेत. दहाच आहेत, कोप्या हजारो आहेत, हे आम्हालाही कळते. पण आपल्यापैकी कितीतरी जणांचे नातेवाईक या पट्ट्यात राहतात, आणि कितीतरी जण स्वतः कोयता घेऊन जातात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटे बाहेर सोडू नये. उसाच्या कडेला उघड्यावर झोपू नये. बछडे दिसले तर हात न लावता मागे सरावे आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. आणि पुढच्या ग्रामसभेला घरातल्या बाईमाणसाने जरूर जावे. दिव्याची मागणी लेखी द्यावी, आणि तिची पोच घेतल्याशिवाय उठू नये.